थॉर्नवेलचं मराठी दार

‘मुलगी गुणी आहे हो वन्सं, पण घरात आहे की बाहेर गेलीय तेच कळत नाही,’ असं सासूबाई आत्यांच्या कानात म्हणाल्या आणि ते मला ऐकू आलं, तेव्हा आम्ही लंडनच्या थॉर्नवेल या दुकानापुढं उभे होतो आणि दुकानाचं मराठी दार आमच्याशी बोलायला घसा साफ करत होतं.

थॉर्नवेलला प्रत्येक भाषेचं वेगळं दार आहे. दुकान एवढं मोठं, गिऱ्हाईक जगभरातून येणार, तेव्हा त्यात नवल काही नाही. फ्रेंच दार कोपऱ्यावर आहे आणि ते फिरतं. अरबी दारापुढं मोटारी उभ्या करायला ऐसपैस जागा आहे. हिंदी दाराची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. मराठी दार गुजराती आणि मल्याळी दारांच्या मधे आहे. सगळ्यांत शेवटी नेमलेलं, जाड काचेचं, सागवानी चौकटीचं, आणि चौकटीला अजून वार्निशचा वास येतो. टूर मॅनेजर पराडकरांनी बसमध्येच बजावलं होतं की ज्यानं त्यानं आपापल्या दारानंच आत शिरायचं. ज्या दारानं शिराल ती भाषा दुकानभर तुमच्यासोबत येते. मागच्या खेपेला दोन कुटुंबं हौसेनं इंग्रजी दारानं आत गेली होती आणि त्यांना संध्याकाळपर्यंत ‘सॉरी’खेरीज काही बोलता आलं नव्हतं.

आमच्या लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. ही सहल म्हणजे आमचा हनीमून होता आणि हनीमूनला आम्ही पाच जण होतो. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, थॉर्नवेल बघायचं होतं. सासूबाईंना अप्पांवर लक्ष ठेवायचं होतं. आणि अप्पांच्या बहिणीला, कुमुदआत्यांना, घरात एकटं ठेवायची कोठावळ्यांकडे पद्धत नाही. राहता राहिलो मी आणि सौमित्र. लग्न आमचं होतं म्हणून आम्हालाही आणलं होतं.

अप्पांचं बार्शीला कापडाचं दुकान आहे. त्यांच्या गादीमागं, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, थॉर्नवेलच्या जिन्याचा एक फोटो आहे. कुठल्या तरी जुन्या कॅलेंडरमधून त्यांनी तो तरुणपणी कापून ठेवला होता. रोज उदबत्ती दोघांनाही ओवाळली जाते. आज अप्पांनी नवे बूट घातले होते, आणि बसमधून उतरल्यापासून ते बोटं अशी चोळत होते, जणू समोर आधीच कापड आहे.

‘नमस्कार,’ दार म्हणालं. ‘कोण?’

‘आलो बरं का,’ अप्पा म्हणाले.

‘आपले आगमन लक्षात घेण्यात आले आहे.’

हे दार असंच बोलायचं. दार नपुंसकलिंगी. त्यामुळे स्वतःबद्दल ‘घेतो’ म्हणावं की ‘घेते’ हा प्रश्न त्याला परीक्षेतही सुटला नव्हता, असं पुढं कळलं. म्हणून ते स्वतःला वाक्यात येऊच देत नसे. मला ती युक्ती आवडली. सासरी आल्यापासून मीही साधारण तशीच बोलत होते.

मागोमाग सासूबाई ‘आले हो’ म्हणाल्या, आत्या ‘आले, आले, ढकलू नका’ म्हणाल्या, सौमित्र ‘आलोच’ म्हणाला. तिघांचंही आगमन लक्षात घेण्यात आलं. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीनं प्रत्येकाच्या हातात चॉकलेटची चंदेरी डबी ठेवली. मी सौमित्रच्या हाताखालून आत शिरले. मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. डबीही मिळाली नाही. सौमित्रनं त्याच्यातलं अर्धं दिलं.

खोटं कशाला सांगू, आत गेल्यावर मला हसू येतंय की रडू तेच कळेना. तळमजला नुसत्या अत्तरांचा होता, आणि छत इतकं उंच होतं की वास वरपर्यंत पोचून परत खाली यायला वेळ लागत होता. लिफ्टमध्ये लाल मखमलीचं बाक होतं. लिफ्टनं आम्हाला विचारलं, वर, खाली, की नुसतंच बसायचंय? आम्ही नुसतेच बसलो. मग उतरलो, आणि आत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा चढलो. चीजसाठी एक अख्खं दालन होतं आणि त्या दालनाला स्वतःची हवा होती, बाहेरच्यापेक्षा थोडी ढगाळ. टोप्यांच्या विभागात मी पिसाची एक निळी टोपी घालून आरशात पाहिलं, तर एक बोलकी वाटणारी बाई माझ्याकडे बघत होती. सौमित्रनं टोप्यांच्या स्टँडमागं माझा हात धरला. लग्नानंतर दिवसाउजेडी पहिल्यांदाच. स्टँड सभ्यपणे दुसरीकडे तोंड करून उभं राहिलं.

कापडाच्या मजल्यावर अप्पांनी आधी बूट काढले. ते पाहून तिथल्या विक्रेत्यानंही काढले. मग दोघं पायमोज्यांनिशी समोरासमोर उभे राहिले आणि विक्रेता एकेक तागा उलगडू लागला. अप्पा कापड अंगठा आणि बोटाच्या मधे धरायचे, डोळे मिटायचे, आणि काहीच न म्हणता पुढच्या ताग्याकडे हात करायचे. बार्शीत मी त्यांना गिऱ्हाइकापुढं अखंड बोलताना पाहिलं होतं. इथं कापड बोलत होतं आणि ते ऐकत होते. शेवटी निळं, हिरवं, मोतिया रंगाचं कापड गुडघ्यापर्यंत साचलं आणि त्यात उभे असलेले अप्पा हळूच म्हणाले, ‘सौमित्र, हे बघितलंस का रे? हे असं असतं.’

सासूबाई तोवर पर्सच्या काउंटरवर होत्या. त्यांना एक हिरवी पर्स दाखवली गेली. त्यांनी ती खांद्याला लावली, आरशात दोन्ही अंगांनी पाहिलं, आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणाल्या, ‘राहू दे.’ विक्रेतीनं मान तुकवली आणि पर्स राहू दिली. ती खांद्यावरून निघेना. सासूबाईंनी ओढून पाहिली, सौमित्रनं ओढून पाहिली. विक्रेती अदबीनं म्हणाली की आपणच राहू दे म्हणालात. ‘राहू दे गं आता,’ आत्या वैतागून म्हणाल्या, तशी ती आणखी घट्ट बसली.

खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं की या दुकानात शब्द म्हणजे शब्द. पण तेवढ्यात पलीकडे कोणी तरी पियानो उघडला आणि आम्ही सगळे तिकडे धावलो.

पराडकरांनी पाच वाजता बसपाशी जमायला सांगितलं होतं. इथून थेट विमानतळ. आम्ही वेळेच्या जरा आधीच दारापाशी आलो. अप्पांनी वळून दुकानाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, ‘बराय, येतो.’

‘स्वागत आहे,’ दार म्हणालं. ‘आपले आगमन लक्षात घेण्यात आले आहे.’

हातमोजेवाल्या मुलीनं अप्पांना चॉकलेटची डबी दिली. सासूबाईंना फार कौतुक वाटलं. येतानाही देतात आणि निरोपालाही देतात, याला म्हणतात रीत. त्याही ‘येते हो’ म्हणाल्या. आत्या ‘येते, सुखी राहा’ म्हणाल्या. त्यांनाही डब्या मिळाल्या. दार मात्र उघडलं नाही. त्याला ऐकू आलं नसेल म्हणून अप्पांनी पुन्हा जरा मोठ्यानं ‘येतो हं’ म्हटलं, आणि त्यांचं पुन्हा स्वागत झालं. हिरव्या पर्समध्ये आता डब्या मावेनात.

मग सौमित्र पुढं झाला आणि म्हणाला की आम्हाला बाहेर पडायचं आहे.

‘इच्छा लक्षात घेण्यात आली आहे,’ दार म्हणालं. ‘परंतु आपण सर्व जण ‘येतो’ म्हणत आहात. जो येत आहे त्याला बाहेर कसे सोडावे? ‘जातो’ असे म्हणावे. तत्काळ उघडण्यात येईल.’

सासूबाईंनी आत्यांकडे पाहिलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

‘जातो’ हा शब्द कोठावळ्यांच्या घरात नाही. तसा तो बहुतेक घरांत उंबऱ्यापाशी टाळतात, माझ्या माहेरीही टाळतात, पण यांच्याकडे तो मुळातच ठेवलेला नाही. दिवे बंद पडले तर वीज गेली म्हणत नाहीत, वीज येणार आहे म्हणतात. सोलापूरची गाडी स्टँडवरून येते आणि सोलापूरलाही येते. याचं कारण मला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सकाळी आत्यांचे यजमान बुटाची नाडी बांधता बांधता ‘जातो गं’ म्हणाले, आणि गेले. वारले नाहीत. नाशिकला असतात, तब्येत उत्तम आहे, तिकडे दुसरा संसार आहे. पण गेले. घरातल्यांनी त्यांना दोष दिला नाही. शब्दाला दिला. माणसाला दोष दिला असता तर आत्यांना तो ऐकावा लागला असता.

‘दुसरं काही चालेल का?’ सौमित्रनं दाराला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, ‘बरं, निघतो आम्ही.’

दाराला आनंद झाल्यासारखं वाटलं. कुठून तरी चार खुर्च्या आल्या, एक तिवई आली, पाण्याचे पेले आले. दारानं सांगितलं की मराठी ग्राहक ‘निघतो’ म्हटल्यावर बराच वेळ उंबऱ्यात उभ्यानं बोलतात, असं त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तरी कृपया बसून बोलावं. आम्ही बसलो. म्हणजे चौघं बसली, मला खुर्ची नव्हती. आणि बसल्यावर कसं होतं, आत्यांना शेजारच्या बारबोल्यांच्या सुनेचं आठवलं, सासूबाईंनी त्यात दोन गोष्टी घातल्या, आणि भानावर येऊन घड्याळ पाहिलं तर पाच कधीच वाजून गेले होते.

अप्पा धडपडत उठले. ‘चला, चला,’ ते म्हणाले. शोकेसमध्ये कोट घालून उभे असलेले पुतळे चालू लागले. ओळीनं आमच्यासमोरून जिना चढून वर गेले. एक जण छत्री विसरला होता, तो परत येऊन घेऊन गेला.

मग पराडकरांचा फोन आला. बस रस्त्यापलीकडे उभी होती, काचेतून दिसतही होती, पण तिथं ती फार वेळ थांबवता येणार नव्हती. ‘येतो, येतो, आलोच,’ सौमित्र फोनमध्ये म्हणाला.

‘स्वागत आहे,’ दार म्हणालं, आणि डबी आली.

सौमित्रचा आवाज चढला. तो म्हणाला, ते मी तुला नाही म्हणालो, पराडकरांना म्हणालो.

‘ज्यांना म्हणालात ते येथे दिसत नाहीत,’ दार शांतपणे म्हणालं. ‘‘येतो’ हे कोणाला तरी म्हटलेले असते. समोर दुसरे कोणी दिसत नसल्यास ते दुकानालाच म्हटले, असे धरावे लागते.’

मी हे वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. बाकीच्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

‘आणि नाहीच कोणी म्हटलं, तर?’ अप्पांनी विचारलं.

दारानं सांगितलं की दुकान बंद होताना जे आलेले असतात ते आलेलेच राहतात. पाचव्या मजल्यावर फर्निचर विभागात सोय आहे. सोय चांगली आहे. वाटल्यास खात्री करून घ्यावी, कारण सौ. ढोमणे याच वेळेला खाली फिरायला येतात.

सौ. ढोमणे खरोखरच जिन्यावरून उतरत होत्या. गाऊन, स्लिपर, केसांना रबर, हातात पापडांचं ताट. त्या नागपूरच्या. त्यांचं कुटुंबही असंच एका सहलीत आलं होतं आणि त्यांच्या सासूबाईंनीही तो शब्द कोणाला उच्चारू दिला नव्हता.

‘नवीन आहा का?’ त्या म्हणाल्या. ‘घाबरू नका, बसा नं. आमच्या तीन दिवाळ्या झाल्या इथं. पलंग रोज नवा भेटते. ह्यांनी तर आता झुंबरांचं डिपार्टमेंट बघायले घेतलं.’

सासूबाईंनी विचारलं की करमतं का.

‘करमते की. बस एकच आहे, भेटायले कोणी येत नाही.’ त्यांनी थोडा विचार केला. ‘आलं, की ते बी राहते.’ मग पापड वाळवायला त्या दिव्यांच्या विभागाकडे वळल्या.

सासूबाईंचा चेहरा उतरला. बार्शीला अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला त्या शेजारी सांगून आल्या होत्या, पण आजपर्यंतच. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आणि अप्पा वर बघत होते, कापडाच्या मजल्याकडे. बोटं पुन्हा चोळत होते. त्या दिवसात मला भीती वाटली ती तेव्हाच.

सासूबाईंनी मन घट्ट केलं आणि व्यवहाराचं विचारलं. आम्ही पाच जण आहोत, दोन खोल्या तरी मिळतील ना?

‘आपण चार जण आलात,’ दार म्हणालं.

‘पाच. ही आमची सून.’

‘कोण?’

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘ज्यांनी आल्याचे सांगितले नाही त्या आलेल्या नाहीत,’ दार म्हणालं. ‘हरकत नाही. तसे पुष्कळ लोक आलेले नसतात.’

आत्या खोकल्या. सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मी नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहिलं. जमीन संगमरवरी होती.

इतक्यात घंटा झाली. दारानं जाहीर केलं की दुकान बंद करण्यात येत आहे. ‘बंद’ शब्द कानावर पडताच अप्पा दचकून भानावर आले. चाळीस वर्षं दुकानदारी केलेल्या माणसाला काही गोष्टी सहन होत नाहीत.

‘अहो दार,’ ते कळकळीनं म्हणाले, ‘एवढ्या चांगल्या दुकानाला बंद काय म्हणता? अशुभ असतं. व्यापारी माणूस दुकान बंद करत नाही, वाढवतो. वाढवा म्हणावं.’

‘वाढवावे?’

‘वाढवा, वाढवा,’ अप्पा म्हणाले.

वरून बोटं मोडल्यासारखा आवाज आला. मग पायाखालची जमीन लांबली. तागा फेकला की कापड जसं सरसर उलगडत पुढं पळतं, तसा तो संगमरवर आमच्या आणि दाराच्या मधे उलगडत निघाला. दार लहान होत होत टपालाच्या तिकिटाएवढं दिसू लागलं. दोन्ही बाजूंनी अत्तरांची नवी काउंटरं उगवत होती, आणि प्रत्येकामागं एक मुलगी ताजी पावडर लावून उभी राहत होती. डोक्यावर एक मजला चढला, त्यावर दुसरा.

‘पळा,’ सौमित्र म्हणाला, आणि आम्ही पळालो.

मी आयुष्यात इतकी कधी पळाले नव्हते आणि मला इतकी मजाही कधी आली नव्हती. सासूबाईंनी साडी घोट्यावर उचलली होती, हिरवी पर्स पाठीवर दणादण आपटत होती आणि तिच्यातून डब्या सांडत होत्या. आत्या, गुडघ्याचं सगळं दुखणं विसरून, माझ्या पुढं होत्या. अप्पा सगळ्यांत मागं, कारण ते उलटं पळत होते. त्यांना ते बघायचं होतं. ‘अगं बघ तरी,’ ते सासूबाईंना ओरडून सांगत होते, ‘वाढतंय! खरंच वाढतंय! आयुष्यभर नुसतं म्हणत आलो गं!’ सासूबाई धापा टाकत म्हणाल्या की बघते, आधी पळा. आणि हसू लागल्या. त्यांना मी पहिल्यांदाच अशी मोठ्यानं हसताना ऐकलं.

दारापाशी पोचलो तेव्हा दुसरी घंटा होत होती. काचेतून दिसत होतं की बसचे दिवे लागले आहेत आणि पराडकर पायरीवर उभे राहून माणसं मोजताहेत.

सौमित्रनं श्वास घेतला. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं ठरवलं होतं. ‘जा...’ तो म्हणाला, आणि आत्यांनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

अर्ध्या शब्दाचाही परिणाम झाला. हातमोजेवाली मुलगी ‘बरं’ म्हणून निघून गेली.

‘त्या सकाळी तेही असेच घाईत होते,’ आत्या म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. सौमित्रच्या तोंडावरचा हात त्यांना काढता येत नव्हता. अप्पांचं हसू मावळलं. सासूबाईंनी आत्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर बसनं हॉर्न दिला, तरी कोणी त्यांना हात काढा म्हणालं नाही. पाचव्या मजल्यावर राहायची वेळ आली असती तरी कोणी म्हणालं नसतं. हे घर मला त्या क्षणी फार आवडलं.

तो शब्द मलाही म्हणता आला असता. मी बाहेरून आलेली, माझ्या जिभेला तो शब्द माहीत होता. पण मग तो आत्यांच्या कानात माझ्या आवाजात राहिला असता, आणि या दुकानात काय राहू द्यावं याचा मला आता थोडा अंदाज आला होता.

शिवाय त्या शब्दाची गरज नव्हती. ‘येतो’ हे कोणाला तरी म्हटलेलं असतं, असं दारानंच सांगितलं होतं. फोनमधले पराडकर त्याला दिसत नव्हते. दिसेल असं कोणी बाहेर उभं राहून बोलावत असेल, तर यांनी ‘येतो’ म्हटलेलं ते त्या माणसाला म्हटलेलं होणार होतं, आणि दाराला ते तसंच धरावं लागणार होतं. आता बाहेर उभं राहणारं माणूस तेवढं हवं होतं. चौघं आलेली होती, त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. मी आलेलीच नव्हते.

मी मूठ धरून ढकलली. कुठलंही दार उघडतं तसं ते उघडलं. मला अडवायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. सौमित्र माझ्या मागोमाग पाऊल टाकू लागला तसं ते त्याच्यापुढं मिटायला लागलं, पण मी बाहेरून मूठ पकडून ठेवली आणि एक फट राहिली.

बाहेर गार वारा होता. फुटपाथवर माणसांची घाई चालली होती, गाड्यांचे आवाज होते, शेजारी गुजराती दारातून एक मोठं कुटुंब हसतखिदळत बाहेर पडत होतं. मी वळून आत पाहिलं. काचेमागच्या पिवळ्या उजेडात माझी चार माणसं शोकेसमध्ये मांडल्यासारखी उभी होती. अप्पांचा श्वास अजून चढलेला होता. सासूबाई नाक काचेला टेकवून मला शोधत होत्या. आत्यांचा हात तिथंच होता.

‘बाहेर एक व्यक्ती उभी असल्याचे लक्षात घेण्यात आले आहे,’ दार म्हणालं.

सासूबाईंची नजर माझ्यावर येऊन थांबली. हे सासर, हे मोठे, यांना आपण होऊन काही सांगायची माझी ही पहिलीच वेळ. इतकं हलकं वाटत होतं की मीही एखादा मजला वाढले असते. मी कोट सारखा केला, केस कानामागं घेतले, आणि पाहुणे फाटकाशी दिसल्यावर उंबऱ्यातून म्हणतात तसं, पण रस्त्यावरच्या गाड्यांवरून ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, म्हणाले,

‘आत्या, या. आई, अप्पा, या. सगळे या.’